चार्जर काढायचा नाही

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या राहनाळ गावात कुणालाही विचारा. पण दादा गेल्यानंतर मी घरातल्यांवर एकाच गोष्टीवरून खेकसत होते. चार्जर काढायचा नाही! काकू मिक्सर लावायला आली तरी मी प्लगच्या आडवी उभी राहायचे. भावाच्या दुःखाने पोरगी भ्रमिष्ट झाली, असं बायका म्हणत असणार. म्हणोत बापड्या.

दादा त्या सकाळी लॅपटॉपचं झाकण मिटून वळ गावच्या गोडाऊनला ड्युटीवर निघाला आणि वाटेत त्याला कंटेनरने उडवलं. त्याच्याबरोबर त्याचा फोनही चिरडला. लॅपटॉप तेवढा घरी टेबलावर राहिला, स्लीपमध्ये, आणि त्याच्या कडेचा बारीक दिवा लुकलुकत राहिला.

त्या लॅपटॉपमध्ये आईचा आवाज होता.

आमच्या आगऱ्यांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, वेगळा, आणि सगळे पाठ. आई आजूबाजूच्या गावांतली नावाजलेली धवलारीण. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आवाज परत येईल याची खात्री दिली नाही. मग दादा रोज ड्युटीवरून आला की तिला समोर बसवायचा, फोनवर एकेक धवला भरून घ्यायचा आणि लॅपटॉपमध्ये टाकायचा. "हिच्या लग्नात तूच गाशील बघ," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा. ऑपरेशननंतर आईकडे कुजबुजीएवढा आवाज उरला. तिने कधी तक्रार केली नाही, कारण धवले दादाकडे होते.

दहावं झाल्यावर मी झाकण उघडलं. समोर पिन मागणारी पट्टी. आम्हाला सुचतील ते सगळे आकडे टाकले, एकही चालला नाही. तसाच चार्जरसकट उचलून भिवंडीत रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने बघितलं आणि माझा हात बटणापासून दूर केला. "मॅडम, बंद मत करना, बस."

मग त्याने समजावलं. दादाने डिस्कलाच कुलूप घातलं होतं. मशीन सुरू होताना ते एकदा लांबलचक पासवर्ड मागतं, आणि तो फक्त दादाला ठाऊक. पण झोपलेल्या मशीनच्या मेमरीत त्या कुलपाची चावी अजून होती. कल्याणला एक जण होता, त्याला जमलं तर जमेल. मात्र मशीन एकदा पूर्ण बंद झालं की चावी पुसली जाणार. कल्याणवाला गावी गेलेला, दसऱ्यानंतर परतणार होता.

तोवर मशीनला झोपेत ठेवायचं होतं. झोपलेलं मशीनही थोडी वीज खातंच, आणि दादाची बॅटरी म्हातारी झालेली. लाईट गेली की माझा जीव टांगणीला. आमच्याकडे शुक्रवारी कापडाचे पॉवरलूम बंद असतात, म्हणून विजेच्या लाईनची कामं त्याच दिवशी काढतात. अशाच एका शुक्रवारी मी लॅपटॉप पोटाशी धरून रिक्षाने काल्हेरला, मी कामाला जाते त्या गोडाऊनला नेला. तिथे जनरेटर आहे. पॅकिंगच्या टेबलाखाली लावून ठेवला आणि दर थोड्या वेळाने वाकून दिवा बघत राहिले. सुपरवायझर म्हणाला, "क्या अंडे पे बैठी है?" एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी हसले.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. मुलगा गेलाच होता, आता आवाजही जाऊ शकतो हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिलाही तेवढंच बजावलं होतं, चार्जर काढायचा नाही.

दसऱ्याला मला सुट्टी मिळाली नाही. ऑनलाइन सेलचे दिवस, गोडाऊन तुडुंब. आम्ही स्कॅनरला कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली आणि पुन्हा कामाला जुंपलो. संध्याकाळी घरी आले. दारावर तोरण नव्हतं, कारण आमचं ते वर्ष सणाचं नव्हतं. पण टेबलावर लॅपटॉप पुसून लख्ख केलेला. झाकणावर हळदकुंकू, वर आपट्याची पानं, बाजूला नारळ.

दिवा लागलेला नव्हता.

"यंत्राला कसला सुतक?" आई कुजबुजत म्हणाली. "दर दसऱ्याला दादा याला सुट्टी द्यायचा ना, तशीच दिली. त्यानंच शिकवलेला मला. बटन दाबून धरला, दिवा इझला तवर." मग घाईघाईने म्हणाली, "चार्जर न्हाय काढला गो. तू सांगितलास तसा लावूनच ठेवला."

मी बटण दाबलं. पंखा घरघरला, काळा पडदा आला, त्यावर पासवर्ड मागणारी एक लांब रिकामी चौकट. मी दादाचं नाव टाकलं, आईचं टाकलं, गावदेवीचं टाकलं, माझं टाकलं. चौकट पुन्हा पुन्हा रिकामी होत होती. मला ओरडायचं होतं, नारळ भिंतीवर आपटायचा होता, आणि ज्याच्यावर ओरडावं तो दादा नव्हता. समोर आई होती, पूजेच्या ताम्हणाला धरून उभी, मुलाचा एक दसरा आपण चुकू दिला नाही या समाधानात.

"उघडला?" तिने विचारलं.

"हो."

"माजे धवले हायेत त्यात?"

"हायेत, आई. सगळे आहेत."

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. पदर सारखा केला. ऑपरेशननंतर तिने स्वतःचा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

"मंग लाव ना एक. हलदीचा लाव."

मी झाकण मिटलं आणि म्हटलं, "आत्ता नाही आई, लाईट गेलीये."

आईने मान वर करून डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग झाकणावरून घसरलेली आपट्याची पानं उचलून परत जागेवर ठेवली आणि पुन्हा कधी काही लावायला सांगितलं नाही.