कापडाचे शेअर

आज सकाळी नवा शर्टपीस उलगडला आणि खळीच्या वासासरशी इथल्या, सुरतेतल्या बमरोलीच्या मिलसमोरची चहाची टपरी आठवली. मी मिलच्या हिशेबखात्यात होतो. कापडातलं आपल्याला कळतं, म्हणून आम्ही चौघा दोस्तांनी शेअर घेतले तेही सगळे कापड कंपन्यांचेच. एका संध्याकाळी शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मी त्यांना ओरडून समजावत होतो, की पगार कापडाचा आणि शेअरही कापडाचेच, मंदी आली तर दोन्ही एकदम बुडतील. थोडे विकून औषधांचे घेऊ, थोडे सिमेंटचे, एक पडला तर दुसरा सावरेल. धुळ्याकडचे आमचे डाईंग मास्तर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "भाऊ, तू म्हणशीन तसं करू. पन आजचा चहा तुझ्याकडून." सगळे हसले, आणि खरंच तसं केलं. पुढे मिल बंद पडली. शेअरांनी आम्हाला सांभाळलं. पण मास्तर गावी गेले, एक जण वापीला, एक मुलाकडे पुण्याला. सुरतेतली माझी सगळी माणसं त्या एकाच मिलमधली होती, हे मला तेव्हा कळलं. आज संध्याकाळी मुद्दाम टपरीवर गेलो. म्हाताऱ्या टपरीवाल्याने मला ओळखलं, सवयीने चार ग्लास मांडले, माझ्यामागे पाहिलं आणि तीन परत उचलून ठेवले.