कुणाची आजी?

माझ्या नातवंडांनो, आपल्याकडे पांढऱ्या केसांच्या कुठल्याही बाईला मुलं आजी म्हणतात. हा शब्द मला नेहमी गोड वाटायचा. काल मला त्याची भीती वाटली.

इथल्या शाळेत मी गोष्टी सांगायला जाणार आहे. त्याआधी पोलीस पडताळणी झाली, तेव्हा मी चिडलेच होते. या वयात माझी कसली चौकशी? काल प्रशिक्षणात शाळेतल्या बाईंनी बजावलं, "मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही. ओळखपत्र गळ्यात हवंच." मिळालेलं ओळखपत्र मी तरीही पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

फाटकाशी पहिलीतली एक मुलगी उभी होती.

"आजी, माझी आई अजून आलीच नाही," म्हणत तिने सरळ माझा हात धरला.

"मला ओळखतेस का गं?"

"हो! तू आजी आहेस ना!"

तिचा हात उबदार होता. पांढरे केस आणि सुती साडी, एवढ्यावर ती माझ्याबरोबर रस्ता ओलांडून कुठेही आली असती. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर? मी तिला बाईंच्या ताब्यात दिलं आणि ओळखपत्र काढून गळ्यात घातलं.

तेव्हापासून तुमचेच हात डोळ्यांसमोर येतात. तिकडे दूर तुमच्या गावी ते कुणाच्या हातात असतात, मला इथून दिसत नाही. कुणी कितीही आजीसारखी दिसली, तरी आधी तिच्या गळ्यात बघा. मी तुमच्या शाळेत आले तर माझ्याही बघा. मी चिडणार नाही.