पश्चिमेचं ‘नाही’

आमच्या इड्वल पॅरीनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर तो ड्रुइड झाला. निवृत्तीनंतर कुणी बागकाम करतं, कुणी माझ्यासारखं दुसऱ्यांच्या घरात डोकावतं. यानं झाडा-झऱ्यांचा जुना धर्म धरला. पांढऱ्या झग्यासाठी त्यानं बायकोकडे, नेस्ताकडे, कापड मागितलं. तिनं गादीची जुनी चादर दिली, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली. त्यामुळे वारा सुटला की आमचा ड्रुइड फुगतो आणि माझ्या मेंढ्या पळतात.

थट्टा मी करतो, पण माणूस खोटा नाही. हेलिग ओढ्याच्या काठचा एक मैल, एवढाच त्याचा धर्म. बाकीचे ड्रुइड जिथे जमतात, त्या प्रसिद्ध दगडांच्या वर्तुळाकडे तो कधी फिरकला नाही. म्हणतो, “तिथली झाडं मला ओळखत नाहीत. न बोलावता कशाला जायचं कुणाकडे?” रोज सकाळी झऱ्यातली पानं काढायची, वेफर्सची पाकिटं वेचायची, म्हाताऱ्या ओकच्या झाडाची विचारपूस करायची. “या मैलातलं पान न् पान मला नावानं ठाऊक आहे,” एवढी एकच त्याची फुशारकी. तिच्याच भरवशावर गावातली सात-आठ माणसं त्याच्यामागून सण करतात.

त्याचा वैरी एकच, हिमालयातून आलेला तेरडा. कुणा हौशी माणसानं तो बागेत लावला, आता ओढ्याकाठी दुसऱ्या कशाला जागा उरू देत नाही. दर जूनमध्ये, फुलं यायच्या आत, इड्वल तो उपटतो. यंदा पबमध्ये कंबर धरून सांगत होता, “तेरडा भलताच चिवट बाबा या वर्षी. कायनवेनच्या कुंपणाखालचा तर मुळंच सोडेना.”

मी ग्लास खाली ठेवला. तेरडा दोन बोटांनी ओढला तरी मुकाट हातात येतो.

“देठावर लव होती का रे?”

“होती की. मांजराच्या कानासारखी.”

तेरड्याचा देठ गुळगुळीत. लव असते ती आमच्या इथल्याच एका गुलाबी फुलांच्या रानझाडाला. कायनवेन म्हणजे ओढ्याकाठची आमची म्हातारी शेजारीण. तिचा नवरा तेगिद गेला, पण तो होता तोवर त्या झाडांवर येणारे गुलाबी पतंग मोजायचा. त्याच्यामागे तिनं तेवढा तुकडा जपला होता. झाडं गेली म्हणून ती आठवडाभर माझ्या मेंढ्यांना शिव्या घालत होती. मेंढ्यांच्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणून मी जाऊन तिला खरं काय ते सांगितलं. तेवढ्यासाठीच हं.

मग आला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. भर दुपारी सगळे ओकखाली जमले. नेस्तानं तव्यावरचे गरम केक फडक्यात बांधून आणले होते, म्हणून मीही होतो. यांची रीत अशी की आधी चारही दिशांना विचारायचं, “शांतता आहे का?” सगळ्यांनी म्हणायचं, “आहे!” एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी विधी पुढे जात नाही. आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कोण कशाला म्हणेल?

पूर्व झाली. दक्षिण झाली. इड्वल पश्चिमेला वळला.

“शांतता आहे का?”

“नाही!” कुंपणापलीकडून.

इड्वलनं पुन्हा विचारलं.

“नाही म्हटलं ना! कानात चादर गेलीय का?”

“कायनवेन, अगं, विधी चाललाय!”

“मग थांबव. तेगिदची झाडं उपटलीस आणि वर शांतता विचारतोस?”

“तो तेरडा होता!”

“लव असलेला?”

इड्वलचा अंगठा आपोआप बोटांवर फिरला, देठ आठवत असल्यासारखा. मग तो कानापर्यंत लाल झाला. सात-आठ जण त्याच्याकडे बघत होते. सरळ उत्तरेला वळला असता तरी चाललं असतं, कुंपणापलीकडच्या म्हातारीचं कोण मनावर घेतंय?

नेस्ता हळूच म्हणाली, “जा आता. केक निवतायत.”

तो गेला. कुंपणाच्या काट्यांत चादरीचा कोपरा अडकला, इलॅस्टिक ताणलं, आणि तिथेच बांधल्यासारखा उभा राहून तो पुटपुटला, “मी ओळखलं नाही गं.”

“मोठ्यानं. आणि त्यांच्याकडे तोंड करून.”

“मी ओळखलं नाही!” तो ओरडला. “या मैलातलं सगळं मला ठाऊक नाही!”

कुणी हसलं नाही. मी खोकलो.

कायनवेननं काट्यातून इलॅस्टिक सोडवलं. “मुळं सोडत नव्हती म्हणालास ना पबमध्ये? मग खालीच आहेत. फुटतील.”

इड्वलनं डोळे पुसले, चादरीलाच. मग खालच्या आवाजात म्हणाला, “शांतता आहे का?”

“फुलं आल्यावर सांगते.”

“कायनवेन!”

“बरं बाबा, आहे. केक खाण्यापुरती.”

त्यावर उत्तर दिशा उरकली.

हल्ली तो कुठल्याही रोपाला हात घालण्याआधी देठावरून अंगठा फिरवतो. ऑगस्टच्या शेवटी कुंपणाखाली उशिरा का होईना, चार-पाच गुलाबी फुलं आली. झऱ्यातली पानं काढत इड्वल वाकला होता, तेवढ्यात न विचारताच पलीकडून हाक आली, “आहे रे!”

त्यानं हातातली पानं काठावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पण झाडं मी उपटली हे तिला सांगितलं कुणी?”

“मेंढ्यांनी,” मी म्हणालो.