बाबांचा लॅपटॉप लवकर चालू व्हावा म्हणून

बाबांच्या घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी कुणी रडलं वगैरे नाही. जड गेलं ते घरी आल्यावर. आई-बाबांचं घर भाईंदर पूर्वेला, खाली दुकानं असलेल्या एका इमारतीत. बाबा बोलका माणूस. टीव्हीवरच्या निवेदकाशीसुद्धा भांडणारे. आई स्वयंपाकघरातून ‘हो का’, ‘असू दे’ म्हणत राहायची. ते सगळं बंद झालं. आईने एकदा मला फोनवर सांगितलं, ‘‘आपल्याच घरात पाहुण्यासारखं वागतोय गं आम्ही दोघं.’’

गळ्याला लावून बोलायचं एक बॅटरीचं यंत्र मिळतं. ते लावलं की घरघरत्या आवाजात शब्द उमटतात. पण रेडिएशनमुळे बाबांच्या मानेची कातडी ताठरली होती, त्यांचे शब्द कुणाला कळेनात. मग मी पाटी आणली. ‘मी बिगरीत नाही,’ असं त्यांनी त्या पाटीवरच लिहून दाखवलं आणि ती पलंगाखाली सरकवली. मोबाइलवरची बारीक अक्षरं त्यांच्या बोटांना सापडायची नाहीत.

शेवटी हॉस्पिटलमधल्या एका बाईंनी मार्ग काढून दिला. माझ्या भावाचा जुना लॅपटॉप घरात पडून होता, त्यात त्यांनी एक प्रोग्राम टाकला. मराठीत टाइप करायचं, एक बटण दाबायचं, की लॅपटॉप ते वाचून दाखवतो. बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत मराठी टंकलेखन करण्यात गेलेली. कीबोर्डवर अक्षरांची जागा थोडी बदलली होती, ती त्यांनी आठवड्याभरात हाताखाली आणली. लॅपटॉपचा आवाज पुरुषाचा होता, चढउतार नसलेला. बाबांना तो चालला.

अडचण होती ती लॅपटॉप चालू होण्याची. त्याची बॅटरी मेली होती आणि त्या मॉडेलची नवी कुठे मिळत नव्हती. म्हणजे वायर काढली की बंद. बाहेरच्या खोलीतून आत न्यायचा तर बंद करून न्यायचा आणि पुन्हा चालू करायचा. शिवाय अॅडॉप्टर तापतो म्हणून आई येता-जाता प्लगचं बटण बंद करायची. समोरच्या इमारतीत शॉर्ट सर्किट झालेलं तिने पाहिलं होतं. बटण दाबल्यावर स्क्रीनवर ठिपक्यांचं कडं गोल फिरत राही. तेवढ्यात कुकर होऊन जाई. मग डेस्कटॉप येई, पण माउस हलत नसे. तो हलेपर्यंत विचारणाऱ्याचं काम होऊन गेलेलं असायचं. भाजी कुठली करू, असं आईने विचारलं तर उत्तर येईपर्यंत ती चिरून झालेली असे. हळूहळू आईने विचारणं सोडलं. बाबाही मग फार महत्त्वाचं असेल तरच लॅपटॉप लावू लागले.

मी जवळच, बेव्हर्ली पार्कला राहते, शनिवारी त्यांच्याकडे जाते. अशाच एका शनिवारी बाबांचे मित्र आले होते. हे उत्तनजवळच्या तारोडी गावचे. बाबांच्याच कचेरीत होते, आता घरची वाडी बघतात. महिन्यातून एकदा वांगी किंवा सुके बोंबील घेऊन येतात. चप्पल काढतानाच त्यांनी विचारलं, ‘‘काय रे, बरा हाय ना?’’ बाबांनी मान हलवली. मी पाणी दिलं. ते प्यायल्यावर त्यांनी ग्लास हातातच धरून ठेवला आणि म्हणाले, ‘‘आमच्या हिच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. बिघडलं. एका डोळ्यानं आता दिसत न्हाय तिला.’’

बाबा लगेच उठले आणि त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. ठिपके फिरू लागले. आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत बसलो. ती शांतता त्या गृहस्थांना झेपली नाही. त्यांनी विषय बदलला. गावातल्या रस्त्याचं खोदकाम, विहिरीचं खारं होत चाललेलं पाणी, कुणाच्या तरी मुलाचं परदेशी जाणं. बाबा एका हाताने माउस हलवत होते आणि मान डोलवत होते. मग मित्रांनी घड्याळ पाहिलं. पश्चिमेला जाऊन त्यांना उत्तनची बस धरायची असते आणि ती चुकली की पुढचीचा काही नेम नसतो. ते उठले. बाबा दारापर्यंत गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, लिफ्ट खाली गेल्यावर परत आले. लॅपटॉप आता चालू झाला होता. बाबांनी खुर्चीत बसून टाइप केलं आणि बटण दाबलं.

‘‘तिला दुसऱ्या डॉक्टरला दाखवलंस का?’’ लॅपटॉप म्हणाला.

खोलीत मी आणि आतून आलेली आई, दोघीच होतो. बाबांनी वाक्य खोडून टाकलं आणि लॅपटॉप मिटला.

मला कॉम्प्युटरातलं कळतं असा आमच्या घरात समज आहे. प्रिंटर अडला तर मी वायर काढून परत लावते, त्यावरून तो झाला असावा. तरी त्या संध्याकाळी मी बसले. लॅपटॉप सुरू होताना त्याच्याबरोबर काय काय आपोआप सुरू होतं, ते बघता येतं. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम होता. भावाच्या कंपनीच्या मीटिंगांचे प्रोग्राम होते. मामाने कधीतरी टाकलेला पत्रिका बनवण्याचा प्रोग्राम होता. व्हायरससाठी दोन रखवालदार होते आणि ते बहुधा एकमेकांनाच तपासत बसत. हे सगळे रोज सकाळी उठून लॅपटॉपच्या गळ्यात पडत होते. मी त्यांचं आपोआप सुरू होणं बंद केलं, एक रखवालदार काढून टाकला, साठलेला कचरा साफ केला.

फरक पडला. कुकरऐवजी आता चहा उकळेपर्यंत काम होऊ लागलं. आई म्हणाली, ‘‘झालं की. एवढं बास आहे.’’ बाबांनी मान हलवली आणि टाइप केलं, ‘‘नाही.’’

मग मी तो स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने बघितला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, डिस्क जुनी है. एसएसडी डालो. बटन दबाया के चालू.’’ आतली डिस्क चकती फिरणारी होती. त्याऐवजी चिपवाली बसवायची, हे त्याने मला उघडून दाखवलं.

‘‘अंदर का सब वैसाच रहेगा ना?’’ मी विचारलं.

‘‘पूरा कॉपी मार देंगे.’’

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. कॉपी अर्ध्यात अडकत होती, जुन्या डिस्कचा काही भाग खराब झाला होता. फोटो आणि फायली निघाल्या होत्या, पण विंडोज नव्याने टाकावं लागणार होतं. मी हो म्हटलं. बोलण्याचा प्रोग्राम पुन्हा टाकता येईल, असं मी धरून चालले होते.

तो मिळाला नाही. हॉस्पिटलमधल्या त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या आणि त्या जुन्या प्रोग्रामचा कुणाला पत्ता नव्हता. मी दुसरा शोधला. तो चांगलाच होता, उच्चार स्वच्छ, जोडाक्षरंही नीट. फक्त त्यात मराठीसाठी एकच आवाज होता, आणि तो बाईचा होता. पंचविशीतली मुलगी बोलावी तसा.

मी लॅपटॉप घेऊन गेले तेव्हा याबद्दल काही बोलले नाही. वायर लावली, बाबांना म्हटलं, ‘‘दाबा.’’ ठिपक्यांनी जेमतेम एक फेरी मारली आणि डेस्कटॉप आला. माउस हलत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया वर केल्या आणि टाइप केलं.

‘‘चहा झाला का?’’

कोण आलंय ते बघायला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाहेर आम्ही दोघंच. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि खुर्चीत बसून ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. ऑपरेशननंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. बाबा मात्र हसले नाहीत.

मी म्हटलं, ‘‘बाबा, जुनी डिस्क माझ्या पर्समध्ये आहे. परत बसवता येईल. तो पहिला आवाज मिळेल, पण चालू व्हायला पहिल्यासारखाच वेळ लागेल. आणि ती किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.’’

‘‘म्हणजे पुरुषासारखं बोलायचं, पण उशिरा?’’ लॅपटॉपमधल्या मुलीने विचारलं.

‘‘हो.’’

बाबांनी टाइप केलं, ‘‘तोही काही माझा आवाज नव्हता.’’ आणि लगेच, ‘‘हाच राहू दे.’’

त्यानंतर घरात बरंच काही पूर्ववत झालं. सगळंच चांगलं झालं असं नाही. आमटीत मीठ कमी, पंखा जोरात, मामांना एवढे फोन कशाला, हे परत सुरू झालं, फक्त मंजूळ आवाजात. आईही पूर्वीसारखी उलटून बोलू लागली. सोसायटीच्या मीटिंगला बाबा लॅपटॉप घेऊन गेले, भिंतीजवळचा प्लग पकडून बसले आणि पाण्याच्या टाकीच्या सफाईवरून त्यांनी कमिटीला धारेवर धरलं. चेअरमन कागद वाचत होते. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिलं, ‘‘मॅडम, एक मिनट.’’ हे बाबांनी मला स्वतः सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना राग आलेला नव्हता.

तारोडीचे मित्र पुढच्या खेपेला आले तेव्हा मी तिथे होते. ते बसायच्या आधीच बाबांनी त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं विचारलं. मित्र दचकले, लॅपटॉपच्या मागे वाकून बघितलं. मग म्हणाले, ‘‘आवाज पोरीचा हाय, पन खोचकपना तुजाच.’’ नंतर त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं होतं, उपयोग नव्हता. बायको हाताने चाचपून मासे साफ करते, कुणाला मदत करू देत नाही. बाबा मध्ये मध्ये विचारत होते, ते उत्तर देत होते. मी आत जाऊन आईला भाकरीचं पीठ मळायला सांगितलं, कारण ते जेवल्याशिवाय जातील असं वाटत नव्हतं.

मे महिन्यात आई सांगलीला मावशीकडे गेली. ऑपरेशनपासून ती एक रात्रही बाहेर राहिली नव्हती. दाराची बेल वाजली, फोन आला तर यांचं काय, अशी तिला धास्ती होती. आता ती म्हणाली, ‘‘बघतील ते.’’ ती गेल्यावर दोन-तीन दिवसांनी शेजारच्या गुजराती बेनचा मला फोन आला. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘मम्मी तो गाँव गयी है ना? पप्पा के घर में कोई लेडीज है. सुबह सुबह बात करती है. हँसती नहीं, सिर्फ डाँटती है.’’

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना कितपत पटलं माहीत नाही. संध्याकाळी मी बाबांना फोन लावला आणि विचारलं, सकाळी कुणाशी बोलत असता? लॅपटॉप फोनजवळ सरकवल्याचा आवाज आला. कीबोर्ड वाजला.

‘‘तुझ्या आईशी. तिने हिंगाची डबी कुठे ठेवली ते तिलाच आठवत नाही.’’

आईला फोन केला तर ती म्हणाली, डबी जिथल्या तिथे आहे, यांना दिसत नाही. आणि मावशी आग्रह करतेय म्हणून ती आणखी थोडे दिवस राहणार होती.