मामाजींचे पाच कोई

माझ्या सासऱ्यांइतकं सावकाश काम करून इतक्या माणसांना दमवणारा गृहस्थ सबंध सौंसर तालुक्यात झाला नसेल. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. जन्मभर त्यांनी सरकारी नोकरीत लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही याचं त्यांना फार दुःख होतं. अशात कोणीतरी घरी एक जपानी कॅलेंडर आणून दिलं. त्यातल्या एका पानावर बागेतलं तळं होतं आणि तळ्यात तांबडे-पांढरे, हातभर लांब मासे. महिना संपला तरी ते पान उलटलं नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "याले कोई म्हणतात. आपल्या परसात बसते हे."

ते बसायला आठ महिने लागले. मामाजी सकाळी परसात चुन्याने तळं आखायचे, खुर्ची टाकून दिवसभर त्याच्याकडे पाहायचे आणि संध्याकाळी पुसून टाकायचे. सासूबाईंना धुण्याची बादली घेऊन रेषेबाहेरून वळसा घालावा लागे. "दुपारची सावली कुठी पडते ते पाहून राहिलो," ते सांगत. "नाहीतं आपल्या इकडच्या उन्हात मासा शिजून जाईन." सावली जमली तर खोली पटेना, खोली पटली तर मध्ये संत्र्याचं झाड येई. अखेर साडेतीन फूट खोल सिमेंटचं तळं झालं. सिमेंटचा खार निघावा म्हणून केळीच्या खांबाचे तुकडे टाकून ते चार वेळा भरलं आणि चार वेळा उपसलं. उपसायचं काम, पहिल्या दिवाळीला आलेला जावई म्हणून, माझ्याकडे होतं.

मासेही मीच आणले. नागपूरच्या एका दुकानातून पाच पिल्लं घेतली आणि हवा भरलेली ती पिशवी मांडीवर धरून सौंसरच्या बसमध्ये बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "एवढुशा मासोळ्याइचा रस्सा कसा होईन?" मी म्हटलं, "खायच्या नाहीत, पाहायच्या आहेत." त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि उठून पुढच्या सीटवर गेल्या.

त्यानंतर घरात मळलेल्या कणकेच्या गोळ्या आधी माशांना, पोळ्या मग आम्हाला. खंड्या पक्षी टपून बसतो म्हणून माझ्या बायकोच्या आंदणातली मच्छरदाणी तळ्यावर ताणली गेली. शेजारी टीव्ही आला तेव्हा मामाजी कुंपणावरून ओरडले, "त्यात रंग नाही! इकडं या!" आलेल्या माणसाला ते काठावर बसवत आणि पाचही मासे दिसल्याशिवाय उठू देत नसत. दुपारी पोस्टमन फाटकातून "कोई है?" म्हणून हाक मारी आणि आतून उत्तर जाई, "पाच हैं! आओ, देखो!"

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र नळ आटला, घरची विहीर तळाला गेली. मामाजी अर्ध्या बादलीत आंघोळ करून तळं टिकवत होते. घरासाठीचं पाणी सासूबाई हापशीवरून आणत. एका सकाळी मामाजींना त्या वाटेत कडुनिंबाखाली, पाण्याने भरलेला गुंड शेजारी ठेवून, टेकलेल्या दिसल्या. गुंड त्यांनी स्वतः उचलून आणला. दिवसभर तळ्याकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "जवाईबापू, मासे हलवा लागते."

मेमध्येही पाणी असलेली विहीर रामाकोन्याच्या एका संत्रेवाल्याकडे होती. पण फार वर्षांपूर्वी मामाजींनी त्याचा बांध मोजून दोन हात जमीन शेजाऱ्याची ठरवली होती, तेव्हापासून तो यांचं तोंड पाहत नव्हता. आणि मामाजींनी जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. सकाळी दोन पिंपांत मासे घालून आम्ही बैलगाडीने त्याच्या बागेत पोचलो.

"आता काय मोजाले आले साहेब?" तो जागेवरून न उठता म्हणाला.

"मोजाले नाही जी. मांगाले आलो." मामाजींचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "ह्यायले तुमच्या इहिरीत जागा द्या."

तो उठला. पिंपात डोकावला. बराच वेळ डोकावलेलाच राहिला.

"माहा बांध चुकीचा मोजला तुम्ही," तो पिंपात पाहतच म्हणाला.

"मोजणी बरोबर होती," मामाजी म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

"सोडा आधी मासे. पाणी तापून राहिलं. बांधाचं मंग भांडू."

पावसाळ्यात तळं भरलं, पण त्या खोल विहिरीतून मासे काही परत हाती लागले नाहीत. दोनदा जाळं टाकून मामाजींनी नाद सोडला. सासूबाईंनी तळ्यात माती भरून अळू लावलं. मामाजी दर रविवारी बसने रामाकोन्याला जायचे आणि दोघं विहिरीच्या काठावर बसून मासे पाहत बांधाचं भांडण करायचे.

पुढे मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला ते तयार नव्हते, रविवार सोडायलाही नव्हते, म्हणून एकदा मी हात धरून घेऊन गेलो. काठावर बसताच त्यांनी विचारलं, "आली का लाल?"

"आली न जी," संत्रेवाला म्हणाला. "हे काय, तुमच्या पायाखाली फिरून राहिली."

मी वाकून पाहिलं. खाली नुसतं स्वच्छ, काळं पाणी होतं. मी संत्रेवाल्याकडे पाहिलं. त्याने हळूच नकारार्थी मान हलवली आणि मामाजींना जरा अलीकडे, सावलीत सरकवून घेतलं.