तुटलेली तार

नव्वदच्या ऑगस्टात कुवेतमध्ये इराकच्या फौजा घुसल्या आणि पनवेलच्या मोहल्ल्यात फहमिदाच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. तिचा नवरा इक्बाल तिथे ट्रक चालवायचा. फोन लागत नव्हता, पत्र येत नव्हतं. सासू दिवसभर रेडिओला कान लावून बसायची. दारावर नुसती थाप पडली तरी फहमिदाला धडकी भरायची.

सप्टेंबरात एका दुपारी आतल्या खोलीत टणकन आवाज झाला. इक्बालने हौसेने आणून भिंतीला टांगलेल्या गिटारची तार आपोआप तुटली होती. फहमिदाला तो अपशकुन वाटला. सासूला काही न सांगता तिने गिटार चादरीत गुंडाळली आणि आनंदाकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गाठलं. काका पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे.

"काका, त्यांना काही झालं तर नसेल ना?"

काकांनी तार बोटांनी घासून गंज दाखवला. "खाडीची हवा आहे, पोरी. तारा गंजतात नि तुटतात. यात दुसरं काही नाही."

पण ती त्या तुटलेल्या तारेवरची नजर काढेना. ते पाहून काकांनी नवी तार चढवली आणि गिटार तिच्याच मांडीवर ठेवली. डाव्या हाताची नखं बारीक काप, म्हणाले. तार दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर दाबू नकोस, पट्टीच्या जरा अलीकडे दाब. घाई नको, आधी एक सूर स्वच्छ निघू दे. बोटं हुळहुळतील, मग थांब. पुढे कातडी घट्ट होते.

ती रोज वाजवू लागली. बोटं ठणकायची, तेवढा वेळ डोक्यात बंदुका वाजत नसत. पोराचा पत्ता नसताना सुनेला हे सुचतंच कसं, म्हणून सासू भडकली. फहमिदाने गिटार कपाटावर ठेवून दिली. दोन-तीन दिवसांनी सासूच दारात येऊन उभी राहिली.

"वाजव गं. घर खायला उठतं."

ऑक्टोबरात इक्बाल आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. वाळवंट तुडवत, छावणीत राहून, मग विमानाने. तारेचा आवाज झाला की तो दचकून भिंतीला पाठ लावायचा. म्हणून तो बाहेर गेला की फहमिदा वाजवायची, तेही हलक्या हाताने.

तो पुन्हा परदेशी गेला नाही. एसटी स्टँडवर रिक्षा लावू लागला. त्याला यायला जरा उशीर झाला की फहमिदा दारात जाऊन उभी राहायची, हे पुढे कित्येक वर्षं चाललं.