तिच्या नावाची मूठ

घडी घालण्याआधी साडीचा पदर ती एकदा स्वतःच्या खांद्यावर टाकायची. भिंतीवरच्या आरशात बघायची, मान जराशी कलती करायची आणि मगच घडीला हात लावायची. मी ओरडले की म्हणायची, “फक्त बघते, ताई. घेत नाही.”

सुरतेच्या उधन्यात आमचं साड्यांच्या फोल्डिंग-पॅकिंगचं खातं, म्हणजे छोटा कारखाना, आहे. तिथे बायकांवर देखरेख करायचं काम माझं. कोण आलं, कोण नाही, कुठला माल कुठल्या दुकानाचा, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. घरीसुद्धा वाणसामान, औषधं, पाहुण्यांचे वाढदिवस, सगळ्याच्या याद्या. पण खात्यातल्या बायका काही सांगायचं झालं की तिच्याकडे जायच्या. एकीने जांभळ्या काठाची साडी मला दाखवली, मी “चांगली आहे” म्हटलं. मग तीच साडी तिने हिला नेऊन दाखवली. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. राग धरावा असं काही करत नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

ती धुळ्याकडची. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेली. सुरतेत येऊन तिने कमावलं, साठवलं आणि दूरच्या शहरात जाऊन बाई होण्याचं ऑपरेशन करून घेतलं. हे तिने लपवलं नव्हतं. कुणी आडून विचारलं की हीच सरळ सांगायची, विचारणारीच लाजायची.

पण ते ऑपरेशन टिकलं नाही. नवा योनिमार्ग आकसू नये म्हणून दिवसातून अनेकदा दार लावून, डायलेटरची कांडी आत घालून पडून राहावं लागतं. ती राहायची चारजणींबरोबर एका खोलीत. पडदा होता, दार नव्हतं. कुणी ना कुणी आत यायचंच. हळूहळू मार्ग अरुंद झाला, दुखू लागलं, लघवीची धार वाकडी जायला लागली. डॉक्टर म्हणाले, दुरुस्तीचं ऑपरेशन करावं लागेल, आणि या वेळी हयगय झाली तर पुढे फारसं काही हातात राहणार नाही.

“माल परत आला, ताई,” ती मला म्हणाली. “रिपेअरिंगला.”

ती हसली, मी नाही. मी विचारलं, “नंतर राहणार कुठे?”

“तेच तर. कडी असलेली खोली पाहिजे.”

आमच्या घरात कडी असलेली खोली एकच, सासूबाईंची. मी त्यांना भीत भीत विचारलं. मला वाटलं, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “आण तिले.” दुरुस्तीचं ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे आली.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आम्ही नवराबायको बाहेरच्या खोलीत झोपतो. मुलगा झाला तोही तिथेच झोपायला लागला. कपडे बदलायचे तर न्हाणीघर. माझी पिशवी काढली तेव्हा मी त्याच बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत पडून होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, “पडी राहीसन अंग जड व्हस. उठ.” आणि आता त्याच सासूबाई आपली खोली सोडून दाराबाहेर पाट टाकून बसायच्या. आत कडी लागली की माझ्या नवऱ्याला दटावायच्या, “टीव्ही बारीक कर. मधमा पोर शे.”

मी वेळापत्रक केलं होतं. औषध, जेवण, डायलेटर, आराम. ते भिंतीला चिकटवलं. त्यांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि एकही वेळ चुकवली नाही.

दोघींचं अहिराणीत चालायचं. आतून ती हाक मारायची, “मोठमाय, झायं का?” आणि आजी असल्याच्या थाटात ह्या उत्तर द्यायच्या, “आजून थोडं. पडी राह्य.” कधी आतून रडण्याचा आवाज यायचा. मग सासूबाई दाराला तोंड लावून गावाकडच्या कुठल्यातरी भांडकुदळ बाईची गोष्ट सांगायच्या, ती आत रडता रडता हसायची. ती गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नव्हती. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

श्रावण लागला. आमच्या खानदेशी घरांत कानबाई देवीचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे. ते फक्त घरच्यांनी खायचे, परक्याला द्यायचे नाहीत आणि उरवायचे नाहीत. बायकांची मूठ आमच्याकडे काढत नाहीत. रोट आम्ही थापतो, तेवढंच.

त्या दिवशी सासूबाईंनी परातीत मूठ टाकली, माझ्या नवऱ्याच्या नावाने. मग मुलाच्या नावाने. मग थांबल्या, मूठ चांगली घट्ट भरली आणि तिचं नाव घेतलं.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी या घरची सून. माझ्या नावाने या परातीत कधी दाणा पडला नाही.

ती भिंतीला धरून बाहेर येत होती. तिने ऐकलं. मला वाटलं, आता खुशीत येईल. तिचा चेहरा उतरला.

“काय झायं व?” सासूबाईंनी विचारलं.

“मोठमाय, आमच्या घरी माझी मूठ काढायचे. पोरगा होते म्हणून. ऑपरेशन झालं त्या श्रावणात आईने टाकली नाही. भावाने फोन करून टोमणा मारला, तुझी मूठ बंद झाली म्हणून. दिवसभर रडले. मग संध्याकाळी पेढे आणले.” ती माझ्याकडे वळली. “तुम्ही पण खाल्ले होते, ताई. कशाचे म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, असेच. आईने मला पोरगा म्हणून मोजणं सोडलं, त्याचे होते ते.”

सासूबाई परातीकडे बघत राहिल्या. मायेने टाकलेल्या मुठीने त्यांनी तिला पुन्हा पोरगा करून ठेवलं होतं. मी म्हटलं, “काढून घ्या ना मग.” आवाजात घाई होती, ती माझी मला ऐकू आली.

“कानबाईले दिधेल परत काढतस का?” त्या माझ्यावर खेकसल्या. मग गव्हात पुन्हा हात घातला. “मंग हिनी बी टाकस.” माझं नाव घेतलं, मूठ टाकली. “आनि मनी बी.” स्वतःचं नाव घेतलं. “आते या घरमा बाया बी मोजाई ग्यात. आते तू पोरगी शे का नही?”

ती हसली आणि तिथेच भिंतीला टेकली. “आहे, मोठमाय.”

तर माझी मूठ अशी पडली. तिच्या मुठीची चूक निस्तरायला.

या वेळचं काम टिकलं. शेवटच्या तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टर “छान” म्हणाले, तेव्हा तिने माझा हात इतका दाबला की माझी बांगडी वाकली. पुढे तिने पलसाण्याकडे काम धरलं आणि कडी असलेली खोली घेतली. मग एका श्रावणात तिच्या आईचाच फोन आला, लेक म्हणून ये. आता ती कानबाईला गावी जाते. सासूबाईंना हे आवडलेलं नाही. “तिनी आईले आते याद वनी,” म्हणतात, आणि दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. त्या दिवशी माझं आणि त्यांचं बरं जमतं.

पाच मुठी मात्र दरवर्षी पडतात. माझ्या नावाची त्या उरकून टाकतात. तिच्या नावाची भरताना थांबतात, बोटं घट्ट करतात, एकही दाणा सांडू देत नाहीत. मी सूप धरून बघते.

रोट उरवायचे नसतात. तिच्या वाटचा सासूबाई माझ्या ताटात ठेवतात आणि बघत बसतात. मी तो पूर्ण खाते. तुकडाही ठेवत नाही.